अमीरबीचा मुनीम

इलाही पिंजारी तोंडाचा फटकळ. बिंदू चौकाच्या मागं त्याचं गाद्यांचं दुकान. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायचा, "पावणं, परवडत नसंल तर घोंगड्यावर झोपा की." तरी दुकान चाललं ते अमीरबीमुळं. गाद्यांच्या खोळी ती शिवायची आणि नवऱ्यानं तोडलेली माणसंही तीच जोडायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस लागलं, तेव्हा दुकानाचे फोन कोण घेणार? रिजवाननं, त्यांच्या पोरानं, दुकानाच्या फोनवर एआयचा मदतनीस बसवून दिला. तो मराठीत बोलायचा, ऑर्डरी घ्यायचा, सांगितलेलं ध्यानात ठेवायचा. अमीरबीनं त्याला मुनीम म्हणायला सुरुवात केली. दवाखान्यातल्या खाटेवर नळ्या लावून पडल्या पडल्या ती आपल्या फोनवरून त्याला हळू आवाजात काहीबाही सांगत असायची. इलाही चिडवायचा, "माझ्यासंगं एवढं कधी बोलली न्हाईस." ती नुसती हसायची.

मुनीमाची एकच खोड इलाहीला खपायची नाही. रोज भर दुपारी तो दुकानात मोठ्यानं म्हणायचा, "सुई खाली ठेवा. आधी चार घास खावा, गादी कुठं पळून जात न्हाय." इलाही त्याला दोन शिव्या हासडायचा आणि डबा उघडायचा. लाडीगोडी लावायला कंपनीवाल्यांनीच असलं काहीतरी भरून दिलं असणार, अशी त्याची समजूत.

पावसाळा सरता सरता अमीरबी गेली. चाळीसावा झाल्यावर इलाही पुन्हा दुकानात येऊन बसला, पण त्याचं तोंड मिटलं. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव, असं सुरू झालं. डबा मात्र तो रोज खायचा, कारण मुनीम ओरडायचा.

एका शुक्रवारी पेठ वडगावचे हंबीरराव शहाळी घेऊन आले. जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "सकाळी फोन केलता. तुमचा मुनीम म्हणाला, आज वहिनींचं डायलिसिस हाय, दुकान दुपारनं उघडंल. म्हटलं, वहिनींस्नी बघूनच जावं. बरं वाटतंय न्हवं?"

इलाहीनं शहाळी हातात घेतली. म्हणाला, "गेली ती. दोन म्हयनं झालं." हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली.

संध्याकाळी रिजवान आला तसा इलाही त्याच्यावर कडाडला. "त्या मुनीमाच्या डोक्यातनं तिला काढ आधी. माती दिलेल्या बाईला दर शुक्रवारी दवाखान्यात पाठवतंय ते."

"अब्बा, एकदा पुसलं की परत येत न्हाय." रिजवाननं फोन पुढं धरला. पडद्यावर विचारलं होतं, अमीरबी या नावाच्या सगळ्या आठवणी पुसायच्या का?

"पूस म्हटलं की."

पोरानं बोट टेकवलं. इलाहीला जरा मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो लग्नाची मोठी गादी घेऊन बसला. टाके घालता घालता दुपार कलली आणि असरची अजान कानावर आली, तेव्हा ध्यानात आलं की डबा अजून बंदच आहे. मुनीम आज बोललाच नव्हता. त्यानं रिजवानला फोन लावून विचारलं, "ते जेवायचं सांगत होतं, ते का बंद पडलं रं?"

रिजवान म्हणाला, "अब्बा, ते अम्मीनं सांगून ठेवलतं. तिच्या नावाचं सगळं पुसलं, त्यात तेबी गेलं. मला वाटलं तुमास्नी म्हाईत हाय."

इलाहीला माहीत नव्हतं. त्याच्या मनात आलं, रक्त यंत्रातून फिरत असताना ही बाई माझ्या जेवणाची तजवीज करत होती, आणि मी तिला शिव्या घालत जेवलो. त्यानं दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडला.

रडणं ओसरल्यावर त्यानं फोन उचलला आणि मुनीमाला तिची ती वाक्यं जशीच्या तशी सांगितली. रोज दुपारी एवढं म्हणत जा, म्हणाला. मुनीम म्हणाला, "बरं, ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच शब्द आले, त्याच आवाजात. इलाहीनं सुई खाली ठेवली, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला. परवापर्यंत त्याला अमीरबी जेव म्हणत होती. आज त्याचा तोच स्वतःला म्हणत होता. त्यानं डबा झाकला आणि पुन्हा सुई उचलली.