सरासरी माणसाची खुर्ची

लवंगीताई पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला एक लाकडी खुर्ची आली. जाड हातांची, वेताच्या बैठकीची, दोघांनी मिळून हलवावी इतकी जड. बसल्याबसल्या त्यांच्या लक्षात आलं, की आपले पाय जमिनीला टेकतच नाहीत. चांगले वीतभर वर लोंबकळतायत. उंची जेमतेम चार फूट आठ इंच आणि जीभ तिखट, म्हणून कचेरीनं आठवड्याभरात त्यांना ‘लवंगीताई’ करून टाकलं. नाव ठेवायला सगळे पुढे. खुर्ची बदलायला कुणी नाही.

“होईल हळूहळू सवय,” हेडक्लार्क म्हणाले.

“कुणाला? पायांना? वाढायची?” लवंगीताईंनी विचारलं. हेडक्लार्क पुन्हा कागदांत बुडाले.

दुपारपर्यंत खुर्चीची कड मांड्यांत रुतायची, संध्याकाळी घोटे टम्म फुगायचे. ताईंनी निकाली निघालेल्या तक्रारींचा एक गठ्ठा पायाखाली घेतला. तिसऱ्याच दिवशी साहेबांनी तो पाहिला आणि कार्यालयीन कागदपत्रांवर पाय ठेवल्याबद्दल लेखी खुलासा मागवला. मग नवऱ्यानं घरच्या फळ्या ठोकून एक बुटकी चौकट करून दिली. कशीबशी सोय झाली.

पुढे लाकडी सामान गेलं आणि राखाडी लोखंडी टेबलं आली. खण असे, की उघडताना खांदा निखळावा आणि बंद करताना शेजारचा दचकावा. टेबलाखाली पाय ठेवायला आडवी दांडी पाहून ताईंना देव पावल्यासारखं वाटलं. पण ती दांडी इतकी दूर, की तिच्यापर्यंत पाय न्यायचे तर पाठ खुर्चीला सोडून घसरगुंडीवर बसल्यासारखं बसावं लागे. ताईंनी कपाळाला हात लावला आणि चौकट परत पुढे ओढली.

मग साहेबलोकांना वाटलं, माणसं फार गप्पा मारतात. प्रत्येकाभोवती हनुवटीएवढ्या उंचीचे कापडी आडोसे उभे राहिले. म्हणजे बाकीच्यांच्या हनुवटीएवढे; ताईंच्या डोक्यावरून जाणारे. नळाला आठ दिवस पाणी नाही म्हणून भांडायला आलेला माणूस लांबूनच नजर टाकायचा, “इथं कुणी नाहीच!” म्हणायचा आणि निघून जायचा. ताई आतून ओरडायच्या, “अहो, मी उभी आहे इथं!”

दहा-बारा वर्षांनी उलटा साक्षात्कार झाला. आता माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे! आडोसे निघाले, सगळा मजला मोकळा झाला. एकाच्या फोनवरचं भांडण सगळ्यांनी ऐकायचं आणि आपली तक्रार कानात बोट घालून लिहून घ्यायची. खालीवर होणाऱ्या खुर्च्याही आल्या. ताईंनी खुर्ची खाली घेतली, पाय टेकले. पण टेबल हनुवटीशी आलं. वर घेतली, तर पाय पुन्हा हवेत.

“घरी आल्यावर मला विचारू नका आज काय झालं,” त्या नवऱ्याला म्हणायच्या, आणि मग तासभर सांगत बसायच्या.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना शेवटचा दणका बसला. कुणाचीच जागा ठरलेली नाही. रोज येईल त्यानं रिकाम्या टेबलाशी बसायचं. टेबलाखाली खासगी वस्तू ठेवायची नाही. ताई सोमवारी आल्या, तर चौकट भंगारात गेलेली. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नव्या मांडणीचा तरुण डिझायनर कोपऱ्यात नकाशा पसरून उभा होता. त्या तडक त्याच्याकडे गेल्या.

“हे टेबल कुणाच्या मापाचं?”

“सरासरी माणसाच्या, मॅडम. पुस्तकात मापं असतात.”

“पुस्तकात कुणाला बसवलं होतं?”

तो बापडा खरंच नकाशात शोधायला लागला.

“मला हा सरासरी माणूस एकदा दाखव. बत्तीस वर्षं त्याच्या खुर्चीत बसतेय मी.”

दुसऱ्या दिवशी ताई शिवणाची टेप घेऊन आल्या. गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत त्यांनी मजल्यावरच्या एकेचाळीस जणांची मापं घेतली. काही जण हसले, साहेब लाजले, पण मापं दिली. गाडीची नोंदवही लिहायला बसला, की टेबलाखाली गुडघे आपटून घेणारा उंच ड्रायव्हर तर आपणहून आला. “माझंही लिहा ताई. मला कुणी विचारलंच नाही आजवर.”

पुस्तकातल्या मापात नीट बसणारी माणसं निघाली चार. त्यातला एक रजेवरच्या माणसाच्या जागी आलेला बदली होता.

डिझायनरनं मापांच्या कागदावरची ती चार नावं पुन्हा मोजली. मग म्हणाला, “सगळी टेबलं आता बदलता येणार नाहीत. ऑर्डर गेलीय.”

“मला सगळी नकोयत. एकाला खाली फळी ठोकून दे. स्क्रूनं. खासगी वस्तू म्हणून कुणी उचलायला नको.”

त्यानं सुताराला बोलावलं, ताईंना बसवलं, आणि पाय टेकेपर्यंत स्वतः जमिनीवर बसून फळी वरखाली केली. नियमाप्रमाणे ते टेबल कुणाचंच नव्हतं. पण दुसरा कुणी बसला, की नडग्या फळीवर आपटायच्या आणि तो शिव्या घालत उठायचा. ताईंना तीन वर्षं जागा शोधावी लागली नाही. घोट्यांची सूज मात्र पुरती गेली नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. त्या दिवशी ताईंनी घरी येऊन नवऱ्याला एवढं एकच वाक्य सांगितलं.

निवृत्तीनंतर सहा-सात महिन्यांनी डिझायनरचा फोन आला. नव्या दवाखान्याचं काम मिळालं होतं.

“ताई, मापं घेतोय. कुणाकुणाची घेऊ?”

“सगळ्यांची! आणखी कुणाची?” ताईंनी फोन आपटला आणि नवऱ्याकडे वळल्या. “अजून विचारतोय बघा!”

मग दोन मिनिटांनी त्यांनी स्वतःच फोन लावला. झाडूवाल्या बाईचं माप घ्यायला तो विसरेल, याची त्यांना खात्री होती.