कॅसेट संपल्यावरचा संबळ

दिवटीच्या जळक्या तेलाचा वास आला की मला माझी तुळजापुरातली एका खोलीची कॅसेट कंपनी आठवते. रेकॉर्डिंगात आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद आणि समोर एक म्हातारे गोंधळी. दिवटी पेटवल्याशिवाय त्यांनी संबळाला हात लावला नाही. गोधड्या पेटतील म्हणून मी धास्तावलेला. पण ते वाजवायला लागले आणि मी गोधड्याही विसरलो, कॅसेटही. ती मध्येच खट्कन संपली. ते कितीतरी वेळ वाजवतच होते. थांबल्यावर मी शरमून म्हणालो, "बाबा, शेवटचं टेप झालं न्हाय. तेवढंच परत वाजवता का?" घाम पुसत ते हसले. "तेवढंच? काय वाजलं ते मला तरी कुठं ठावं?" ती कॅसेट मी अजून लावतो, आणि संपली तरी बराच वेळ जागचा उठत नाही.