पहाटे पळायचंय

माझी मुलगी फौजेतून पळून आली आहे, हे आमच्या घरात सगळ्यात आधी मी ओळखलं. ती पळून आलेली नव्हती, हे मात्र सगळ्यात शेवटी मला कळलं.

संशय हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. ट्रॉलीत उसाखाली दगड आहेत की ड्रायव्हरचा मेहुणा लपलाय, हे मला नुसत्या टायरकडे बघून कळतं. (असं मी सांगतो. अजून कुणी तपासलेलं नाही.)

तर आमची तेजू. ही लहानपणापासून अंथरुणातून "मम्मी, पाणी!" म्हणून ओरडणारी. उकडलेलं अंडं सोलून दिल्याशिवाय न खाणारी. मागच्या खोलीत पाल दिसली तर आठवडाभर तिकडं न फिरकणारी. अशी पोरगी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन थेट लष्करी अधिकारी व्हायच्या प्रशिक्षणाला दूर दक्षिणेत निघून गेली. काहीतरी चुकून निवड झाली असणार, असं माझं ठाम मत होतं. चूक त्यांच्या कधी लक्षात येते, एवढीच मी वाट बघत होतो.

आणि एका दुपारी ती फाटकात उभी! पाठीवर भली मोठी बॅग, केस बारीक कापलेले, तोंड उन्हानं काळवंडलेलं.

"अगं, फोन नाही, काही नाही?"

"दोन सत्रांमधली सुट्टी मिळाली. सरप्राइज, पप्पा!"

"कराड स्टेशनवर रिक्षा नव्हत्या?"

"होत्या की. चालत आले."

स्टेशनपासून आमच्या गावाला येताना रिक्षावालासुद्धा वाटेत चहाला थांबतो! रिक्षा असताना माणूस चालत कधी येतो? मागावर कुणी असेल तेव्हा.

जेवायला बसलो. मी लोणच्याची बरणी उघडतोय तोवर हिचं ताट रिकामं, घासून पालथं घातलेलं! झोपायला पलंग नको, फरशीवर सतरंजी. सकाळी बघतो तर माझ्या बनियनला इस्त्री! लग्नातसुद्धा माझ्या बनियनला इस्त्री झाली नव्हती. वर पालीला तिनं स्वतःच्या हातानं सुपडीत घेऊन बाहेर सोडलं. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, आनंदानं रडायच्या बेतात.

"लेक लय सुधारली बगा!"

"सुधारली नाही, काहीतरी झाकतीय. तळहात बघितलेस? सारखे खिशात. आणि परत कधी जायचं विचारलं तर भिंतीकडं बघून 'बघू' म्हणते."

"आवं, संशय घ्यायचा तुमाला तिकडं पगार मिळतोय. घरात फुकट कशाला घेताय?"

मी माझा चुलत भाऊ आबा याच्याकडं गेलो. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला.

"आबा, एखादी पोरगी ट्रेनिंगमधनं पळून आली, तर काय हुतंय?"

"कुणाची पोरगी?"

"एका मित्राची."

"तुला मित्र हाय?"

"हाय एक. सांग की."

आबानं मिशीवरून सावकाश हात फिरवला. "लाल टोपीवालं येत्यात. फौजेचं पोलीस. दारात हुबं ऱ्हात्यात, समद्या गावादेखत."

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. इथं परीक्षेत नापास झालेलं चालतं, दारू पिलेलंही खपून जातं. पण फौजेतून पळालेल्याच्या घरी लोक हळदीकुंकवालासुद्धा येत नाहीत. मी घरी येऊन खिडकीत बसलो. आणि संध्याकाळी फाटक वाजलं. दारात लाल टोपी!

मी दार अडवून उभा राहिलो. "माझी मुलगी इथं नाही. ती तिकडंच आहे, अतिशय मन लावून शिकतीय."

"बरं झालं," तो माणूस गोंधळून म्हणाला. "मी ठिबकच्या नळ्या दाखवायला आलो होतो."

तो आमच्या फाटकाकडं वळून वळून बघत गेला. घाम पुसत मी मागच्या अंगणात आलो, तर भिंतीपलीकडून तेजूचा आवाज. फोनवर.

"उद्या पहाटे पळायचंय. बॅग भरून ठेवलीय. पप्पांना अजिबात कळू द्यायचं नाही... तुम्ही टेकडीवर थांबा."

पळायचंय! म्हणजे फौजेतून पळून आली ती उगाच नाही, पुढं आणखी कुणाबरोबर तरी पळायचंय! आणि "तुम्ही थांबा" म्हणाली. "तुम्ही"! म्हणजे माणूस वयानं मोठा!

सुनंदाला सांगितलं. ती कूस बदलत म्हणाली, "आदरानं बोलतीया न्हवं? मग झोपा आता."

पहाटे कडी वाजली. मी मफलर तोंडाला गुंडाळून, पायात स्लीपर घालून मागं निघालो. पुढं तेजू, पाठीवर बॅग. तिच्या खांद्याच्या कलावरून मी वजन ओळखलं: कपडे नव्हेत, दागिने! (आमच्याकडं एवढे दागिने नाहीत, हे त्या क्षणी सुचलं नाही.) ओढ्यापर्यंत ती चालली आणि मग एकदम पळत सुटली. मीही पळालो. उसाच्या बांधावरून, पाटातून, एका कुत्र्याला चुकवून. कुत्र्याला मी चुकवलं, पण कुत्र्यानं मला चुकवलं नाही. अर्धी टेकडी त्यानंच मला चढवली.

वर झुडपाआडून बघतो, तर तेजू बॅग टाकून धापा टाकतीय. बॅगेचं तोंड उघडून विटा बाहेर आलेल्या. आणि समोर घड्याळ हातात धरून तो वयानं मोठा माणूस उभा. आबा!

"अजून उशीर हुतोय," आबा म्हणत होता. "परत खाली जा."

"पाय उचलत नाहीत, आबा."

"मग ऱ्हाऊ दे. सांगू का पप्पाला, पोरगी घरी ठेव म्हणून?"

तेजूनं बॅग उचलली. मला ते बघवेना. "थांब!" असं ओरडत मी बाहेर आलो, आणि तिथंच मुरमावरून पाय घसरला. करवंदीच्या जाळीत मी असा जाऊन बसलो, की दोघांना आधी नुसती स्लीपर दिसली.

घोटा टम्म सुजला. तेजूनं माझाच मफलर काढून पाय घट्ट बांधला. तेव्हा तिचे तळहात दिसले. दोर चढून सोललेले, फोड फुटून वाळलेले.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"ओझं घेऊन पळायच्या परीक्षेत एकदा नापास झालेय, पप्पा. परत झाले तर अख्खं सत्र मागं टाकतील. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

'ये घरी,' हेच म्हणालो असतो. तिच्याकडं बघत बसलो, तर आबा माझ्याकडं बघत होता. उसानं भरलेल्या ट्रॉलीकडं बघावं तसा.

"जखमी उचलून न्यायची बी परीक्षा असतीया न्हवं, तेजू?"

"आहे की."

"मग ह्यो घे. आयता गावलाय."

"आबा, मी मोठा भाऊ मानतो तुला!"

"हलू नगंस. जखमी बोलत नसतोय."

तेजूनं गुडघा टेकला, माझा हात ओढला आणि मला खांद्यावर आडवा टाकून उभी राहिली. वाटेत दोनदा डगमगली. थांबली, दात आवळले, पुन्हा चालू लागली. मी मध्येच म्हणालो, "ठेव गं खाली, दमलीस."

"पप्पा, तिथं असं कुणी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका."

मग नाही म्हणालो. गावात शिरलो तेव्हा डेअरीला दूध घालायला निघालेली सगळी मंडळी रस्त्यावर. मला सगळे उलटे दिसत होते.

"काय झालं काट्यावरच्या सायबाला?"

आबा मागून खणखणीत आवाजात म्हणाला, "काय न्हाई! पोरगी पळवून न्यायला लागलीया!"

सुट्टी संपेपर्यंत मी घरात पाय वर करून बसलो. तेजू रोज पहाटे विटा घेऊन टेकडीवर जात राहिली. आता राजरोस, कारण चौकशी करायला मला उठताच येत नव्हतं. परत गेल्यावर तिचा फोन आला. दोन्ही परीक्षा पास! जखमी म्हणून दिलेली तिची मैत्रीण तिला उशीसारखी हलकी लागली म्हणे.

ती अधिकारी झाल्यावर पहिल्यांदा सुट्टीवर येतेय असं परवा कळलं. मी फोनवर उत्साहानं विचारलं, "बाळा, तुझ्यासाठी जेवायला काय करून ठेवू?"

"माझं राहू दे, पप्पा. तुम्ही पोटभर जेवत जा. येऊन सराव करायचाय, वजन उतरू देऊ नका."

तेव्हापासून मी दोन्ही वेळा भात वाढून घेतो. देशासाठी माझ्याच्यानं एवढंच होण्यासारखं आहे!