दोन्ही हात सरळ ठेवून चार तास

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गल्लीत त्यांना सगळे भिंगरी म्हणतात, तेही तोंडावर. शिवणकाम करतात. मशीनवर बसल्या की पाय चालू, उठल्या की हात चालू. चहासुद्धा उभ्यानं, कापड बेतता बेतता.

अशा बाईला डॉक्टरांनी सांगितलं, चार तास दोन्ही हात सरळ ठेवून पडून राहायचं.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी एकदा गेला आणि वर्षाच्या आत परत आला. आता दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सख्ख्या भावंडाच्या जुळण्याची शक्यता चारात एक. वन्संच्या जुळल्या.

"मूळपेशी म्हणजे काय ते मला कळेल असं सांगा," वन्सं डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "मी दहावी नापास आहे, पण कापडातलं विचाराल ते सांगेन."

बाई हसल्या. "मग कापडातच सांगते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशी म्हणजे अख्खा तागा. त्यातून हाड, कातडी, काळीज, काहीही बेता. तुमच्या हाडांच्या मज्जेत आहेत त्या सदऱ्यासाठी कापलेल्या. त्यांचं रक्तच होणार, पण रक्तातलं सगळं होणार. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही तशाच मिळतात."

"आणि शिवलेल्याचा परत तागा होतो का?"

"प्रयोगशाळेत होतो. कातडीची पेशी मागं नेता येते. पण त्यावरचे उपचार अजून बहुतेक तपासणीतच आहेत. मज्जेतल्या पेशी मात्र आम्ही कित्येक वर्षं वापरतोय."

शेजारच्या काकूंच्या कानावर गेलंच. "भिंगरे, उरल्या तर माझ्या गुडघ्यात घाल की गं!"

"काकू, तुमच्या गुडघ्याला रक्त नको, वंगण हवंय."

मज्जेतल्या पेशी वाढून रक्तात उतराव्यात म्हणून वन्संना रोज इंजेक्शन सुरू झालं. कंबर कुणी पिळून काढतंय असं म्हणायच्या आणि तशाच मशीनवर बसायच्या. तिकडे ह्यांना काचेच्या खोलीत ठेवून जहाल औषधं दिली. त्यांनी आजारी मज्जा जाळून टाकली. आता मागं फिरायला वाट नव्हती. वन्संच्या पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, तर ह्यांच्या अंगात रक्त तयार करणारं काहीच उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वन्संना खाटेवर निजवलं. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, हव्या त्या पेशी पिशवीत आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. नर्सनं बजावलं, "मावशी, रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, त्यानं कॅल्शियम उतरतं. बोटांना, ओठांना मुंग्या आल्या की लगेच सांगायचं."

"सांगते."

मी शेजारी स्टुलावर बसून नाम घेत होते. चादरीखाली वन्संचे पाय चालूच.

"वन्सं, पाय!"

"हात म्हणालेत. पायांचं कुणी काही बोललेलं नाही."

दोन तास होत आले आणि त्यांची बोटं आत वळली. मनगट आखडलं. त्यांनी हात ओढला, सुई निसटली, यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावली.

"मुंग्या कधीपासून आहेत?"

"पहिल्यापासूनच."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, तीस वर्षं सुई धरतेय. माझ्या बोटांना मुंग्या नसतात कधी?"

"आणि ओठ?"

"टाचण्या ओठांत धरते मी! ओठांना काय कळतंय!"

शीर सुजली, त्या दिवशीचं काम थांबलं. संध्याकाळी मोजणी आली, निम्म्याहून कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक इंजेक्शन देऊ, उद्या पुन्हा लावू. उद्याही कमी पडल्या तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, उद्याचं उद्या बघू.

वन्सं बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागल्या. मी खोटं लिहीत नाही, मला राग आला होता. मी बोलले. "एक शब्द तोंडातून काढायचा होता, वन्सं. एक शब्द."

"बोल," त्या म्हणाल्या. "अजून बोल."



दुसऱ्या दिवशी नव्या शिरेत सुई. मी त्यांचे दोन्ही घोटे धरून बसले. वन्संची जीभ थांबेना. "नर्सबाई, डाव्या करंगळीत मुंगी. नर्सबाई, खालच्या ओठाला. नर्सबाई, नाकाचा शेंडा."

"मावशी, नाकाचं नाही सांगितलं तरी चालेल."

"मी काही ठरवणार नाही. मी सांगते, तुम्ही ठरवा."

दोनदा कॅल्शियम दिलं, दोनदा यंत्राची गती कमी केली. चाराचे पाच तास झाले. माझे हात बधिर झाले आणि नाम कुठवर आलं होतं तेही विसरले.

संध्याकाळी नर्स दारातूनच म्हणाली, "पुरल्या!"

हातावर मावेल एवढी लाल पिशवी. काचेपलीकडे ह्यांना सलाईनसारखी लावली. वन्सं काचेला नाक लावून उभ्या.

"शिरेतच सोडल्यात की! हाडांपर्यंत कशा जाणार?"

"रक्तातून फिरत जातात आणि मज्जेत थांबतात," नर्स म्हणाली. "त्यांना जागा ओळखू येते."

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात जोडले होते.

मग रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्यांचा फोन. "आकडा?" तो चढायला लागला की वन्संच्या पेशी रुजल्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पांढऱ्या पेशींचा आकडा शून्यावरच. दहा दिवस, बारा दिवस. ताप आला, गेला, परत आला. सतराव्या दिवशी मी सांगितलं, "वन्सं, तीनशे."

 त्या म्हणाल्या, "उद्याचा येऊ दे. एका दिवसावर माझा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी सहालाच फोन वाजला. आकडा आठला यायचा होता. तोवर त्यांनी चार वेळा फोन केला.

आठशे होता.