आजीचं तोंड कुणी मिटलं?

आजी गेली हे मला कुणी सांगितलं नाही. आईनं फोनवर "बाळा, जेवलीस का?" असं विचारलं, आणि मी ओळखलं.

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. आईच्या फोनची सुरुवात "आहेस का मेलीस?" अशी व्हायची. नवऱ्याची कंपनी सातपूरहून तमिळनाडूत होसूरला गेली, कंपनीमागे नवरा गेला, नवऱ्यामागे मी, आणि माझ्या कडेवर मुलगी. घरी फोन नव्हता. शेजारच्या अम्मांकडे होता. अम्मांना मराठी अजिबात कळत नव्हतं, पण आईचा फोन आला की त्या रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून मला हाक मारायच्या. त्या दिवशी त्यांनी तो कानालाच लावून ठेवला होता.

"कोण?" मी विचारलं.

"आजी," आई म्हणाली. "झोपेतच. तू घाई करू नको, सावकाश ये. पोरीला जप."

सावकाश ये! एसटी उशिरा आली तरी ही बाई मला बोलायची, जशी काही मीच ती चालवत होते. मी भिंतीला टेकून खाली बसले. आजीसाठी रडू आलंच, पण त्याच्याही आधी वाटलं, आईला काय झालं?

आजीला प्रेमळ म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्या कानावर गेलं तर उठून येईल. मखमलाबादच्या शिवारात माझं आजोळ, झेंडू-शेवंती-अॅस्टर लावणारं. आजोबा, म्हणजे आईचे आबा, लवकर गेले. बुधवारी गंगेवर बाजार भरतो (गोदावरीला आम्ही नाशिकची माणसं गंगाच म्हणतो), तिथे पंचवटीच्या अंगाला पोत्यावर फुलांची रास घालून आजी बसायची आणि दिवसभर बोलायची. गिऱ्हाइकाला, शेजारणीला, कुणी नसलं तर नदीला. "दाबून काय बघतो रे मुडद्या, वांगी हायेत का ती?" एखादे गुरुजी देवाच्या नावानं भाव पाडायला लागले की म्हणायची, "देवाला घालायची ना? मग त्याला इचारून या, एवढ्यात घेतो का म्हणून."

आजीला दोन मुलगे आणि आई ही एकच मुलगी, आडगावला दिलेली. दर बुधवारी आई मदतीला म्हणून जायची आणि दोघी अंधार पडेपर्यंत भांडायच्या. हार सैल ओवला म्हणून, घट्ट ओवला म्हणून, पाणी जास्त मारलं म्हणून, भाकरी एकटीनं खाल्ली म्हणून, खाल्ली नाही म्हणून. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी आईला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "सासूशी जरा जुळवून घ्या हो. वय झालंय त्यांचं."

आईला इतका आनंद कशानंच झाला नव्हता. "आये, ऐकलं का? तू माझी सासू म्हणे!"

आजीनं मान वर केली नाही. "मग हुंडा कुठंय माझा?"

नववीत माझी शाळा सुटली. गणितात गेले, परत बसायची लाज वाटली, आणि घरातही हाताची गरज होतीच. आई पदराआड रडत होती. आजी आली, डोक्यावरची फुलांची पाटी खाली टेकवली आणि सुरू झाली. आधी गणिताच्या मास्तरला, ज्याला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मग गणिताला. मग आईला. "रडती कशाला? शाळा सोडली, जीव नाय सोडला पोरीनं." बुधवारी तिनं मला बाजारात नेलं, माझ्यापुढे अॅस्टरचा ढीग ओतला आणि म्हणाली, "बस. आन तोंड उघड. मुक्यानं फुलं इकत नाय कुनी."

त्यानंतर ती मला माझ्या वेणीवरून बोलली, चालण्यावरून बोलली, लग्न झाल्यावर नवऱ्याच्या कानांवरून बोलली ("पावसात छत्री लागायची नाय त्याला"). शाळेवरून मात्र पुन्हा कधी एक शब्द नाही. चहा कडू झाला तरी गल्लीला ऐकू जाईल एवढं बोलणारी बाई ती. गप्प बसणं हे तिच्याकडचं सर्वांत महागडं सामान होतं, आणि ते तिनं माझ्यावर खर्च केलं, हे मला फार दूर जाऊन राहिल्यावर कळलं.

तर मनमाडला उतरून, एसटी धरून, कडेवर पोर घेऊन मी पोचले तेव्हा आजीला नेऊन झालं होतं. मामांच्या घरी आई भिंतीशी बसली होती. मला पाहून म्हणाली, "दमलीस का गं? पाणी घे." धाकट्या मामीच्या हातून दुधाचं पातेलं पडलं, ओसरीभर दूध झालं. आई म्हणाली, "असू दे."

असू दे! मामी घाबरून रडायलाच लागली. बाहेरच्या बायका म्हणाल्या, किती सोसतेय बिचारी, किती शांत आहे. ही गोड बोलणारी बाई माझ्या ओळखीची नव्हती. रोज वाटायचं, आज तरी बोलेल. मी मुद्दाम चहात साखर विसरले, मुद्दाम पोरीला चप्पल घालून ओसरीवर फिरू दिलं. आई मुकाट्यानं बेचव चहा प्यायली. आजीबरोबर माझी आईपण गेली की काय, अशी धास्ती मला बसली.

थोरल्या मामांना मात्र दुःख झेपत होतं. एकेकाळी शेवंती लावायचे. आता प्लॉट दाखवतात. पांढरा शर्ट, पट्ट्याला मोबाइल, आणि आलेल्या प्रत्येकाला "आईनं काही कमी पडू दिलं नाही" हे एकाच चालीत. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेपर्यंत काय काय कबूल करायचं, हे त्यांनी पाठच केलं होतं. भावाला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही, वगैरे. पण पिंड ठेवला आणि कावळा हजर. त्या बाईनं बोलावल्यावर उशीर करायची त्याची काय बिशाद! मामांना एकही वचन बोलायला मिळालं नाही, याचं त्यांना दिवसभर वाईट वाटलं.

तेराव्याला खुर्चीवर ठेवायला फोटो हवा होता. आजीचा एकटीचा म्हणावा असा एकच फोटो सापडला, धाकट्या मामांच्या लग्नातला, सात-आठ वर्षांपूर्वीचा. मांडवाच्या खांबाशी आजी उभी, पदर खोचलेला, एक हात वर, आणि तोंड हे एवढं उघडं. फोटोच्या बाहेर उभ्या असलेल्या कुणाला तरी ती झाडतेय. थोरल्या मामांनी तो एका स्टुडिओत दिला. "कॉम्प्युटरवर करतात आता," ते म्हणाले, "बघत राहाल."

आणि खरंच बघत राहिलो. दहाव्याच्याच संध्याकाळी फोटो आला, दाराएवढ्या सोनेरी फ्रेममध्ये. मामांनी वर्तमानपत्र काढलं. आत मोरपंखी पैठणी नेसलेली, हात जुळवून बसलेली, मागे निळे ढग असलेली एक सोज्वळ बाई. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा. मानेपासून वर कसंबसं आजीचं डोकं. आणि तोंड मिटलेलं. नुसतं मिटलेलं नाही, जरासं हसरं.

"फ्रेश वाटतेय की नाही?" मामा म्हणाले.

मी हळूच म्हणाले, "मामा, ही आजी नाही."

"तुला काय कळतं गं? नववीतनं शाळा सोडलेली तू. कॉम्प्युटरचं काम आहे हे."

भिंतीशी हालचाल झाली. आई उठली. पदर खोचला. हात वर गेला.

"दादा, तिच्या शाळेचं नाव काढायचं नाय! आईनं कधी काढलं नाय, तू कोण टिकोजीराव? आन डोळे हायेत का तुला? ही काय आई हाय? देवळातली दानपेटी दिसती! नथ कुणाच्या नावाची घातली? आबांना इचारलं का, वरून परत येतात का बोहल्यावर उभं राहायला? हिरवा चुडा! हे हात बघ, लोण्याचे. माझ्या आईच्या बोटांचा झेंडूचा काळा डाग साबणानं गेला नाय, तुझ्या कॉम्प्युटरनं कसा गेला रे?"

बरंच चाललं ते. शेजारची माणसं दारात जमली. धाकटी मामी डोळ्याला पदर लावून हसत होती. आणि मी, माझ्या आजीच्या दहाव्याला, इतकी खूश होते की कुणी पाहू नये म्हणून स्वयंपाकघरात गेले.

मामा शेवटी जुना फोटो नाचवत म्हणाले, "मग हा लावू का? भर मांडवात मला झापतेय तो?"

"तुला?" आई म्हणाली. "मला बोलतेय ती. अक्षता संपल्या म्हणून."

धाकटे मामा मधेच म्हणाले, "नवरदेव मी होतो. पाटावर उलटा उभा राहिलो, तेव्हाचं आहे ते."

झालं! आजीनं आपल्यालाच शिव्या घातल्या, या हक्कासाठी तिची तिन्ही मुलं भांडायला लागली. जमिनीच्या वाटणीला एवढी भांडली नव्हती. मीही खरं तर त्याच बाजूला हारांचं ताट घेऊन उभी होते. पण मोठ्यांच्या इस्टेटीत मी तोंड घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी स्टुडिओत गेलो. फोटोवाला भला माणूस होता, समजावून सांगत होता. "धड तयार असतं बाई. पैठणीतलं, नऊवारीतलं, पाहिजे ते. गिऱ्हाइकानं फक्त डोकं आणायचं. पण तुमच्या आईंचं तोंड मिटवायला फार मेहनत पडली."

"पडणारच," आई म्हणाली. "तिच्या सासूला जमलं नाय, नवऱ्याला जमलं नाय, आम्हा तिघांना जमलं नाय. तू लय मोठा कारागीर. आता उघड."

"अहो, हार घातलेल्या फोटोत माणूस शांत दिसायला पाहिजे."

"शांत तर ती झालीच ना रे बाबा. फोटोत तरी बोलू दे."

आणि आई गप्प झाली. मला वाटलं, गेलं पुन्हा सगळं, आता बाहेर पडल्यावर "दमलीस का" विचारणार. पण तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आन धुरकट आला तर पैसे देणार नाय, सांगून ठेवते."

धुरकटच आला. पण तोंड उघडं होतं.

तेराव्याला थोरल्या मामांनी हट्टानं दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर पैठणीतली बाई, दुसरीवर आजी. दोघींना सारखे हार. घोटीकडचे लांबचे एक नातेवाईक आले, दोन्हीकडे हात जोडले आणि धाकट्या मामांना हळू आवाजात विचारलं, "दोघी एकदमच गेल्या का? दुसऱ्या बाई कोण?" माझी मुलगी पैठणीवालीसमोर खुशाल खेळत बसली. आजीच्या फोटोसमोर नेली तर वर पाहून तिनं भोकाड पसरलं.

"बघा," आई सगळ्यांना अभिमानानं म्हणाली, "ओळखलं पणजीला."

पैठणीवाली आता मामांच्या बंगल्याच्या हॉलमध्ये आहे. प्लॉट घ्यायला आलेली माणसं तिला नमस्कार करतात. आजी आईच्या स्वयंपाकघरात, शेगडीसमोर. फोडणी करपली की आई आधी तिच्याकडे बघून म्हणते, "माहितीये, माहितीये."

मी निघाले तेव्हा आई स्टँडवर पोचवायला आली. रस्ताभर बोलली नाही. पिशवीत भाकऱ्या, ठेचा आणि शेवंतीची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. मनात सारखं तेच. आता "जप गं बाळा" म्हणाली तर काय करू? एवढ्या लांब जायचं, आणि मागे अशी गोड आई ठेवून?

कंडक्टरनं घंटी मारली. तेवढ्यात आईचं लक्ष पोरीकडे गेलं. पोरीच्या डोक्यावर टोपी नव्हती. आईनं पदर खोचला, हात वर केला आणि गाडीबरोबर चालायला लागली. खिडकीची चौकट गंजलेली, काच काही केल्या सरकेना. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. तोंड मात्र हे एवढं उघडं होतं, आणि ती कुणाला बोलतेय याबद्दल या वेळी काही वाद नव्हता.