चर्चची शाळा तपासायला गेलो तेव्हा

आमच्या गावात त्या काळी दोन शाळा होत्या. एक जिल्हा परिषदेची, तिचा मी मुख्याध्यापक. दुसरी चर्चची. चर्च म्हणजे कौलारू छपराची एक खोली, आणि तिच्या मागच्या पडवीत ती शाळा. पहिली ते चौथीची पोरं एकाच ठिकाणी बसायची आणि शिकवायला एकच बाई होत्या. बाई नगरकडच्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं हळू. गाव बदनापूरपासून सायकलीच्या अंतरावर, त्यामुळे सरकारी माणूस आला तर आधी माझ्याकडे यायचा. चर्चच्या पडवीकडे कोणी फिरकायचं नाही. मला त्या शाळेचं कधी काही वाटलंही नव्हतं.

मग आणीबाणीचं वर्ष आलं. आज नसबंदीच्या केसेस आणा, उद्या मतदारयाद्या तपासा, परवा जालन्याला मीटिंग. माझ्या हाताखालच्या मास्तरलाही तेच. वर्गाला कुलूप लावता येत नाही म्हणून चौथीच्या हुशार पोरीला पुढे बसवायचं आणि पाढे म्हणायला सांगून निघायचं. आमच्या वस्तीतल्या दोनतीन घरांनी पोरं काढून चर्चच्या शाळेत घातली, तेव्हा मी मनात म्हणालो, घाला, तिथं गाणी शिकतील.

पुढच्या जूनमध्ये एका संध्याकाळी मी जालन्याहून परत आलो तर माझी मुलगी ओट्यावर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. सहा वर्षांची होती. मी विचारलं, "काय करतेस?"

"शाळेतलं," ती म्हणाली.

"कुठल्या शाळेतलं?"

बायको आतून म्हणाली, "चर्चच्या. मी नाव घालून आले आज."

मी मटकन खाली बसलो. गुरुजीची पोरगी दुसऱ्या शाळेत! वडील तर उठून उभेच राहिले. आम्ही धम्म घेतला त्याला वीसेक वर्षं होत आली होती. ते म्हणाले, "आता पोरीला येशूच्या गाण्याला लावता व्हय?"

"गाणं म्हणल ती, मामा. धर्म न्हाई बदलत," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमच्याच शाळेत घालायला गेल्ते सकाळी. तुमी न्हाई, दुसरे मास्तर न्हाई. एक पोरगी छडी घेऊन बसल्ती. मंग कोनाच्या हवाली करू?"

मी खूप बोललो. गावात नाक राहिलं नाही म्हणालो, मीटिंगा काय मी हौसेनं करून राह्यलो का म्हणालो. ती भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पाटी घेऊन निघाली ती चर्चकडेच.

तेव्हापासून घरात "आमच्या बाई" सुरू झालं. आमच्या बाई म्हणतात, नखं शुक्रवारी कापायची. आमच्या बाई म्हणतात, न कळलं तर विचारायचं. मी काही सांगितलं की ती क्षणभर थांबून माझ्याकडे बघायची, जणू बाईंना विचारून मग ठरवणार. मला ते झोंबायचं. पंधरा वर्षं मी याच गावात शिकवत होतो, पण "आमचे गुरुजी म्हणतात" असं कुठल्या घरात कोणी म्हणत असेल, याची मला खात्री नव्हती.

थंडीत शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी त्या शाळेच्या तपासणीला आले. एकटे होते. मला म्हणाले, "गुरुजी, चला बरोबर. गणित तुम्ही घ्या, भाषा मी घेतो." मी लगेच टोपी घातली. जाताना मनाशी हिशेब चालला होता: नकाशे जुने असतील, इतिहास कच्चा असेल, चारी वर्ग एकत्र म्हणजे गोंधळ तर असणारच.

नकाशा खरंच जुना होता. मोठ्या पोरांना महाराष्ट्रातल्या नद्या धड सांगता आल्या नाहीत. मला बरं वाटलं. मग मी तिसरीला हातच्याची वजाबाकी घातली. एका पोराचं उत्तर चुकलं. मी साहेबांकडे बघितलं. बाई उठल्या, त्याच्या शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कसं केलंस ते मला सांग." पोरगा सांगू लागला. निम्म्यात थांबला, डोकं खाजवलं, म्हणाला, "हातचा घेतला, पण कमी केला न्हाई." पुसलं आणि बरोबर केलं. तेवढा वेळ कोणी हसलं नाही की मधे ओरडून उत्तर सांगितलं नाही. सगळी पडवी त्याच्यासाठी थांबली होती. माझ्या वर्गात असली शांतता मी फक्त छडी आपटल्यावर ऐकली होती.

पुढे साहेबांनी पहिलीतली एक पोर उभी केली, ती नेमकी माझी. ती माझी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपल्या डब्याभोवती गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद तिच्यापुढे धरला. ती एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. "उद्घाटन" पाशी अडली. घरी माझ्यापुढे अडली की ती फ्रॉकचं टोक तोंडात घालायची आणि गप्प व्हायची. इथे मान वर करून म्हणाली, "हे मला येत नाही. अजून शिकवलेलं नाही."

साहेब खूश झाले. "शाबास. वडील काय करतात तुझे?"

"मीटिंगला जातात."

साहेब मोठ्यांदा हसले. माझे कान तापले. बाई चटकन म्हणाल्या, "साहेब, तिचे वडील गुरुजी आहेत. हे काय, तुमच्याबरोबरच आलेत." त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

चहा झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "काय वाटतं, गुरुजी?"

"नकाशा जुना आहे. इतिहास-भूगोल कच्चा. पडवीला भिंत नाही, पावसात पोरं भिजत असणार."

"ते मीही पाहिलं. शिकवणं कसं आहे?"

मी टोपी काढली, परत घातली. शेवटी म्हणालो, "शिकवणं चांगलं आहे. आमच्यापेक्षा चांगलं आहे." म्हणताना वाटलं, हे कोणी दुसऱ्यानंच म्हणावं आणि मी तिथून निघून जावं.

निघताना मी बाईंना विचारलं, "चार वर्ग एकटीनं कसं जमवता? वेळ कुठून आणता?"

त्या सरळ म्हणाल्या, "मला दुसरं कामच कोणी देत नाही, गुरुजी."

त्यात टोमणा नव्हता. पण रस्ताभर ते वाक्य मला टोचत राहिलं. त्यांची हातोटी एक वेळ मी शिकलोही असतो. पण सकाळी वर्गात शिरायचं आणि संध्याकाळी तिथूनच बाहेर पडायचं, एवढं साधं सुख मी कुठून आणणार होतो? नोकरी लागली तेव्हा ते माझ्याकडेही होतं.

पुढच्या आठवड्यात मीही एका पोराला म्हणालो, "कसं केलंस ते सांग." त्याला वाटलं, आता मार बसणार. रडायलाच लागला.

दीड वर्षानं बाईंची बदली झाली. मिशननं त्यांना दूर कुठे पाठवलं. मुलीनं हट्टच धरला, म्हणून तिला सायकलीवर बसवून मी बदनापूरच्या स्टेशनवर नेलं. गाडी हलली तशी ती अशी रडली, की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. मी कितीदा दिवसचे दिवस बाहेर राहिलो होतो, ती माझ्यासाठी एकदाही अशी रडली नव्हती. तिला खांद्यावर घेऊन थोपटत होतो आणि पोटात जळत होतं. लेकराच्या दुःखावर बाप जळतो का? मी जळत होतो.

चर्चच्या शाळेला दुसरी बाई मिळाली नाही. शाळा बंद पडली आणि सगळी पोरं माझ्याकडे आली, माझी मुलगीसुद्धा. माझी पटसंख्या वाढली, साहेबांनी शाबासकी दिली. गावात लोक म्हणाले, गुरुजींची शाळा आता भरली. मला मात्र वर्गात शिरलो की वाटायचं, ही पोरं मला नाही, कोणाला तरी दुसऱ्याला शोधताहेत. शिकवताना मधेच कोणीतरी म्हणायचं, "बाई असं नव्हत्या करत."

पहिल्यांदा मी दटावलं. मग एक दिवस माझ्याच मुलीनं ते म्हटलं, सगळ्यांसमोर. मी खडू तिच्या हातात दिला. "कसं करत होत्या, दाखव." ती फळ्याजवळ गेली, टाचा उंचावून दाखवू लागली, आणि मी तिच्या जागेवर पोरांमध्ये खाली बसलो. त्या वर्षी मी असा पुष्कळदा बसलो. शिकलोही थोडंफार. जळणं मात्र काही कमी झालं नाही.