पितळी बिल्ल्यावरचं बाळंतपण

भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता, तेव्हा आम्ही मरोद्याला टिनाच्या खोलीत राहायचो. मी नवी नवरी, त्यात दिवस गेलेले... आमचे हे ठेकेदाराकडे फिटर. म्हणजे प्लांटचा दवाखाना आमच्यासाठी नव्हता.

एका पगाराच्या दिवशी गेटबाहेर एक माणूस टेबल मांडून बसला. डोक्यावर प्लांटवाल्यांसारखं पिवळं हेल्मेट, समोर पितळी बिल्ल्यांचा ढीग. ठेकेदाराच्या कामगारांसाठी कल्याण योजना म्हणे... दर महिन्याला थोडे पैसे भरा, बायकोच्या बाळंतपणाची मोठ्या दवाखान्यात सोय.

आता गंमत बघा. ठेकेदाराच्या माणसांना कागदी पास मिळायचा आणि पितळी बिल्ला फक्त प्लांटवाल्यांना. त्यामुळे बिल्ला हातात पडला की आपण प्लांटचे झालो, असंच आमच्यासारख्या गोंदियाकडून कामाला आलेल्या सगळ्यांना वाटलं. बाबा, तू कोणाचा माणूस, हे एकानेही विचारलं नाही. आमचे हे तर तो बिल्ला शर्टावर लावून घरी आले आणि जेवतानाही काढला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माझे वडील न्यायला आले, तर ह्यांनी त्यांना परत पाठवलं. "कायले नेता मामाजी? बिल्ला हाय ना. तिथं नर्सबाया हायेत, पंखा हाय." मी नुसती चरफडत राहिले... माझं ऐकतो कोण?

कळा सुरू झाल्या तशी रिक्षाने प्लांटचा दवाखाना गाठला. खिडकीतल्या बाबूने बिल्ला उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, हा आमचा नाही. ह्यांनी तोच बिल्ला पुन्हा पुढे केला... मग पुन्हा. अहो, माणसाने भोळं तरी किती असावं? मला कळाही सोसवेनात आणि हा माणूसही सोसवेना.

शेवटी आतून एक केरळची नर्स आली. बाबूला तिने काय सुनावलं ते तिच्या भाषेत होतं, मला काही कळलं नाही. पण मला धरून ती सरळ आत घेऊन गेली. मुलगी झाली... पोर आडवं आलेलं. आणखी उशीर झाला असता तर दोघींचंही काही खरं नव्हतं, असं तीच नंतर म्हणाली.

हे त्या हेल्मेटवाल्याला जाब विचारायला गेले, तर तो म्हणतो, "मी प्लांटचा हाव असं कवा म्हटलं? हेल्मेट घालाले बंदी हाय का?" लेबर ऑफिसात गेले, तर तिथल्या साहेबांनी हात झटकले. मी प्लांटचा, असं तो तोंडाने म्हणालेलाच नाही, मग कोणत्या कायद्यात बसवू... म्हणजे हेल्मेट घालून, बिल्ला देऊन, गेटवर बसून फसवलं तर ते फसवणं नाही. ऐकून माझं डोकंच फिरलं.

पुढच्या पगाराला तो हेल्मेटवाला पुन्हा गेटबाहेर बसला. माझा सव्वा महिना व्हायचा होता, सासूबाई नको नको म्हणत होत्या. मी पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि त्याच्या टेबलाशेजारी जाऊन उभी राहिले.

बिल्ला घ्यायला येईल त्याला सांगत सुटले, "भाऊ, याच बिल्ल्यापायी हे पोरगी दवाखान्याच्या दारात जिवानिशी जाऊन राहिली होती."

तो कावला. "बाई, बाळंतीण हा तुमी. उन्हात कायले उभ्या हा?"

म्हटलं, "तुमची जाहिरात करून राहिली."

दिवस मावळायच्या आत त्याने टेबल उचललं. दुसऱ्या कुठल्या गेटवर जाऊन बसला असेल, त्याचा काय नेम... आता असल्या जाहिरातींवर कायदे झालेत म्हणतात, बरंच झालं. पण तेव्हा आमच्याकडे कायदा नव्हता, दुपट्यातली एक जिवंत पोर होती... आणि ती जिवंत होती, हे त्या नर्सबाईचे उपकार.